जुनी डिझेल पिकअप घाटात ओढत नाई, काळा धूरही नाई, काय पाहू?

परतवाडा_लोडिंग

नमस्कार भाऊ लोकं. गाडी २००९ ची डिझेल पिकअप आहे, अडीच लिटर, चार सिलेंडर, डायरेक्ट इंजेक्शन, टर्बोवाली (म्हंजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), डिझेलचा पंप जुना मेकॅनिकल रोटरी, म्हणजे सेन्सर-बिन्सर काही नाई. कंपनीचं नाव मुद्दाम नाई लिहत, नाईतर सगळे कोनाची गाडी बरी यावरच सुटतात अन् माहा प्रश्न राहून जाते.

परतवाड्यावरून धारणी लाईनले किराणा, कांदे-आलू नेतो, सीझनले संत्रा. आधी घटांगच्या चढावर तिसऱ्या गेअरमध्ये आरामात निंघून जाये, आता दुसऱ्यात बी रडते, मांगून एसटी हॉर्न मारते अन् मी आपला आरशात पाहतो. खाली गाडी असली तं काही कळतच नाई, गावात मस्त चालते. माल भरला अन् चढ लागला की पाय पूर्ण दाबून ठेवा, इंजिन तेवढ्यालेच अटकून रायते, समोर काही देतच नाई.

धुराचं सांगतो, काळा धूर अजिबात नाई. सकाळी चालू केल्यावर मिनिटभर पांढरट येते मंग साफ. टर्बोची शिट्टी ऐकू येते पहिल्यासारखी. ऑइल खात नाई, पाणी कमी होत नाई, काटा मधातच रायते. सकाळी अर्ध्या सेल्फात चालू होते. एअर फिल्टर अन् डिझेल फिल्टर दोन्ही नवे टाकले, फरक शून्य.

एक ग्यारेजवाला म्हणते इंजिन बांधा, म्हंजे पूर्ण खोलून दुरुस्त करा, ३५-४० हजार लागन. दुसरा म्हणते टर्बो गेला. तिसरा त म्हणे पंप वाढवून देतो, म्हंजे स्क्रू फिरवून डिझेल जास्त सोडतो, दोन मिनटाचं काम, हवेत उडन गाडी. आता कापूस अजून घरातच पडून आहे, भावाची वाट पाहून रायलो, इंजिन बांधाची ताकद नाई. कोनी सांगन का आधी काय पाहाव?

पुसद_एक्सप्रेस

टर्बोच असन भाऊ. माह्या मामाच्या गाडीचा गेला होता सेम असंच, खंडाळा घाटात गाडी धक्का माराची पाळी आली. अन् दुसरं म्हंजे हे नवीन डिझेल, बीएस-६ वालं आल्यापासून जुन्या गाड्याइचा दमच निंघून गेला, सगळे ड्रायव्हर म्हणतात.

नोझलवाला_अमरावती

पंप-नोझलचंच काम करतो म्हणून थोडं लंबं लिहतो, वाचाचं असन त वाचा.

पहिले डिझेलचं. देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आहे, त्यात गंधक १० पीपीएमच्या वर नसते, त्याच्या आधी बीएस-४ मध्ये ५० होतं. गंधक कमी झालं म्हणून घाटात गाडी ओढत नाई असं होत नाई. वंगणाचा गुण किती पाहिजे हे डिझेलच्या मानकातच ठरलेलं आहे. जुन्या पंपाच्या रबरी सीला म्हातारपणानं कडक होतात अन् पाझरतात, थे वेगळं. आन पाझरला त पंप बाहेरून वला दिसन, हात लावून पाहता येते.

आता धूर. डिझेल इंजिनात धुराचा रंगच अर्धं काम सांगते. काळा धूर म्हंजे डिझेल भरपूर, हवा कमी: एअर फिल्टर चोक, टर्बो मेला, इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज फाटला, नाईतर नोझल (सिलेंडरात डिझेल फवारते थे) मुतून रायलं. निळा म्हंजे ऑइल जळून रायलं. पांढरा सारखा येत असन त टायमिंग, कॉम्प्रेशन (सिलेंडरात हवा दाबाची ताकद), नाईतर पाणी आत जाऊन रायलं. अन् ओढ नाई पण धूरही नाई, त त्याचा अर्थ बहुतेक हाच, इंजिनले डिझेलच कमी भेटून रायलं. हवा जेवढी आहे तेवढ्यापुरतंही डिझेल नाई. टर्बोची शिट्टी पहिल्यासारखी येते म्हणता, म्हंजे थो बहुतेक फिरून रायला. म्हणून टर्बोवर पैसे नका लावू सध्या.

इंजिन बांधाचं बी तसंच. ज्याचं कॉम्प्रेशन बसलं थे इंजिन थंडीत अर्ध्या सेल्फात नाई उचलत, त्याले घरघर घरघर लागते अन् सारा वाडा जागा होते. तरी खात्री पाहिजे त इंजिन गरम करा, चालू ठेवून ऑइल भराचं झाकण उघडा अन् नुसतं त्यावर ठेवून पाहा. झाकण टणाटण उडून रायलं, धूर भकाभका येऊन रायला त पिस्टनच्या रिंगा गेल्या. थोडासा वारा सगळ्याच जुन्या इंजिनाले असते, त्याचं टेन्शन नाई. अन् ३५-४० हजार घालाच्या आधी नोझल काढून कॉम्प्रेशन गेज लावाले सांगजा. चारही सिलेंडरात जास्त फरक नाई पाहिजे. जो मिस्त्री गेज न लावताच इंजिन खोलतो म्हणते त्याच्या हातात चावी नका देऊ.

पंप वाढवू नका. लिहून ठेवा पाहिजे त. डिझेल कमी काऊन येऊन रायलं हे न पाहता स्क्रू फिरवला त आज गाडी उडन बी, मंग ज्या दिवशी खरा अडथळा निंघन त्या दिवशी डिझेल जास्त होईन. काळा धूर, एक्झॉस्ट लालबुंद, पीयूसी फेल. पिस्टन अन् हेड त्यातच जातात.

कास्तकार_दर्यापूर

नोझलवाले दादा बरोबर बोलून रायले पण एक गोष्ट राहिली. आधी हे त पाहा का इंजिनचा दम खरंच कमी आहे का कोनी धरून ठेवलं गाडीले. माह्या शेजाऱ्याच्या टेम्पोचं इंजिन खोलेपर्यंत गोष्ट गेली होती, शेवटी निंघालं काय त मांगच्या एका चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता. सपाट रोडवर ब्रेक न मारता दहा-पंधरा किलोमीटर चालवा, हळूहळू थांबवा अन् चारही ड्रमवर पाण्याचे शितोडे मारा. एखाद्यावर चर्रर्र झालं त सापडलं. हाताने नका पाहू, चटके बसतात. हँडब्रेकची केबल बी मातीने जाम होते आपल्याकडे, काया मातीचा चिखल वायला म्हंजे सिमेंट.

क्लच बी पाहा. टॉपमध्ये हळू चालवतानी एकदम पाय दाबाचा, इंजिनचा आवाज वाढला अन् गाडी नाई वाढली त प्लेट गेली.

अन् राग नका मानू, माल किती भरता? आरसीवर पासिंग किती आहे अन् डाल्यात किती आहे?

परतवाडा_लोडिंग

माल पासिंगपेक्षा थोडा जास्तच असते, कोनाचा नसते. पण तेवढाच माल घेऊन पहिले चढत जाये ना हीच गाडी.

ड्रम पाहिले, सगळे कोमट, एकसारखे. क्लच धरते बराबर. ऑइलचं झाकण उडत नाई, थोडी वाफ येते. म्हंजे नोझलवाले भाऊ म्हणतात तसं डिझेलकडेच पाहाव लागन. पण फिल्टर त नवाच आहे, मंग अटकते कुठं?

डिप्लोमावाला_अचलपूर

फिल्टर नवा असला तरी त्याच्या आधीचा सगळा रस्ता जुनाच आहे ना. टाकीतली जाळी, टाकीपासून येणारी नळी, सगळे रबरी जोड, आणि असला तर फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा). फिल्टर बदलला की लोकांना वाटतं डिझेलची बाजू झाली. पण निम्म्या वेळा अडचण फिल्टरच्या मागेच बसलेली असते.

पहिली तपासणी फुकट आहे. एकाला गाडीत बसवून पेडल पूर्ण दाबायला लावा, आणि तुम्ही बोनेट उघडून पंपाची लिव्हर बघा. ती शेवटच्या स्टॉपर स्क्रूला टेकली पाहिजे. केबल ताणलेली असली किंवा पेडलखाली जाड मॅट असली तर लिव्हर पाऊण रस्त्यातच थांबते आणि माणूस इंजिनला शिव्या देत बसतो.

ती टेकत असेल तर कॅन टेस्ट करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात पेट्रोल पंपावरचं ताजं डिझेल भरा, तो बोनेटजवळ इंजिनपेक्षा वर, हलणार नाही असा बांधा, एक्झॉस्टपासून आणि टर्बोपासून लांब. टाकीकडून येणारी नळी फिल्टरच्या इनलेटवरून काढून तिथे कॅनची नळी जोडा. पंपातून परत येणारी रिटर्नची नळीसुद्धा त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर पाच लिटर कधी संपले कळणार नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप मारून हवा काढा. मग माल भरून ओळखीच्याच चढावर चालवा. ओढ परत आली तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे. नाही आली तर तो सगळा टप्पा निर्दोष, पुढे पंपाकडे जा. लांब जायचं नाही, सोबत एक माणूस ठेवायचा, बिडी-सिगरेट कोणी ओढायची नाही.

हवा घेते का हेही त्याच वेळी बघता येतं. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी लावा, डिझेलला चालेल अशी. चालू गाडीत त्यातून बुडबुडे जाताना दिसले तर मागे कुठेतरी जोड हवा ओढतोय. तिथून डिझेल बाहेर गळत नाही, कारण त्या भागात ओढ असते, दाब नसतो, म्हणून नुसत्या डोळ्याने सापडत नाही.

पुसदकरांनी टर्बो म्हटलं आणि काही लोक उंची म्हणतात, त्याबद्दल थोडं. हजार मीटर चढलं की बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद साधारण दहा टक्के कमी होते, टर्बोच्या गाडीत त्याहून कमी. उन्हाचाही परिणाम आहे, २५ अंशांवरून पारा ४५ ला गेला की हवा सहा-सात टक्के विरळ होते. विदर्भात मे महिन्यात हे रोजचं आहे. पण हा फरक सगळ्याच गाड्यांना सारखा पडतो, आणि गेल्या वर्षी जो घाट होता तोच आजही आहे. म्हणून ही कारणं इथे लागू नाहीत.

रुईवाला_हिंगणघाट

यात माझं पण एक ऐका, इंटरकूलर पाहून घ्या. जिनिंगवर सीझनभर गाडी उभी राहते आमची, रेडिएटर अन् इंटरकूलरच्या मधात रुईची अशी गादी जमते का बाहेरून दिसतच नाही, वरून जाळी साफ दिसते. मागून हवा मारायची, पुढून मारली तर अजून आत बसते. अन् एअर फिल्टर ते टर्बो हा जो मोठा रबरी पाईप आहे ना, तो हाताने दाबून पाहा. जुना झाला का आतला थर सुटतो. उभ्या गाडीत ठीकठाक, पण लोडवर टर्बोने ओढलं का आतल्या आत चिपकतो, नाक दाबून पळायला लावल्यासारखं होते गाडीचं. पण त्यात काळा धूर येते म्हणा, तुमचा नाही येत. तरी पाहून घ्या, पाईप पाहायला पैसे लागत नाहीत.

परतवाडा_लोडिंग

भाऊ लोकं, लिव्हर टेकते बराबर. इंटरकूलर साफ केला, त्यात रुई नाई पण माती अन् किडे भरपूर. पाईप ठीक आहे.

कॅन टेस्ट केली. आता ऐका, अर्धा फरक पडला. म्हंजे सपाट रोडवर गाडी मोकळी झाली, वरचा आवाज जो अटकत होता थो आता जाते वरपर्यंत. पण चढावर ओढ अजूनही पहिल्यासारखी नाई. दुसऱ्यात चढते आता न रडता, तिसरा टाकला की बसते.

मंग टाकी उतरवली. बाप्पा! जाळीवर काया शेवाळासारखा लगदा, बोटाले चिकट, अन् तळाले गंज अन् पाणी. मी त कपाळालेच हात लावला. टाकी धुवून घेतली, जाळी नवी, टाकीपासूनचे रबर तुकडे नवे. पण उरलेलं अर्धं काय आहे?

नोझलवाला_अमरावती

थो लगदा म्हंजे पाणी अन् डिझेल जिथं भेटते तिथं वाढणारे जंतू. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी रायली का वरच्या पत्र्याले आतून दव धरते, थे खाली उतरते, पाणी जड म्हणून तळाले बसते. मेळघाट साइडले पेट्रोल पंप दूर म्हणून लोकं बरमीलमधलं डिझेल भरतात, त्याचा बी वाटा असन. टाकी शक्यतो भरून उभी करत जा. फिल्टरच्या खालचा नट ढिला करून महिन्यातून एकदा पाणी सोडत जा, काचेच्या ग्लासात घ्या म्हंजे खाली पाण्याचा थर दिसते. नवा फिल्टर टाकला होता थो बी आता पाहून घ्या, एवढा कचरा होता त अर्धा भरलाच असन.

आता उरलेलं अर्धं. तुमच्या पंपाच्या डोक्यावर एक गोल डबी आहे का? चपटी, चार स्क्रू, अन् तिच्यातून एक बारीक रबरी नळी निंघून मॅनिफोल्डले (इंजिनात हवा जाते त्या पाईपाले) जाते? टर्बोवाल्या रोटरी पंपाले बहुतेक असते. तिच्या आत पडदा असते. टर्बोनं हवा दाबली का तोच दाब त्या नळीतून पडद्यावर येते, पडदा खाली जाते अन् पंप जास्तीचं डिझेल सोडते. हवा वाढली तवाच डिझेल वाढवाचं, असा हिशेब. ती नळी फाटली, निंघाली, नाईतर मॅनिफोल्डकडचं बारीक भोक काजळीनं बुजलं त टर्बो पूर्ण हवा देऊन रायला तरी पंपाले त्याची खबरच नाई लागत. पंप समजते का टर्बो झोपलेलाच आहे, तेवढंच डिझेल देते. म्हणून शिट्टी येते, धूर येत नाई, खाली गाडी ठीक, लोडवर ओढ नाई. तुमची सगळी लक्षणं त्यात बसतात.

नळी काढा, वाकवून पाहा, वळणावर चिरा पडतात. मॅनिफोल्डकडचं भोक तारेनं साफ करा, इंजिन बंद ठेवून. पंपाकडच्या तोंडाले स्वच्छ नळी लावून तोंडानं फुंका, हवा सरळ निंघून गेली त पडदा फाटला, अटकली त पडदा चांगला. कम्प्रेसर नका लावू बाप्पा तिथं, पडदा फाटून जाईन. अन् नवी नळी टाकतानी वायपरच्या पाण्याची पारदर्शक नळी नका टाकू, ग्यारेजवाले तेच टाकून देतात, गरम झाली का लोण्यासारखी होते अन् चिपकते. तेल-दाब सहन करणारी कापडी धाग्याची रबरी नळी घ्या.

पुसद_एक्सप्रेस

हे त मले माहीतच नव्हतं, आमच्याइकडे त सरळ टर्बो बदलून टाकतात 😅 मामाले सांगतो.

परतवाडा_लोडिंग

नोझलवाले भाऊ, तुमच्या पाया पडतो. नळी सापडली. पंपाकडून वळते तिथंच खालच्या बाजूनं चीर, वरून अजिबात दिसत नव्हती, बोटानं वाकवली तवा तोंड उघडलं. बाजूले ऑइलचा ओलसर डाग. नवी कापडी नळी टाकली, दोन्हीकडे क्लिपा मारल्या. पडदा चांगला आहे, फुंकून पायलं.

आता गाडी तिसऱ्यात चढते, शेवटच्या मोठ्या वळणावर तेवढा दुसरा टाकाव लागते. थोडासा काळा धूर येते गेअर टाकल्यावर, मंग साफ. हे चालते ना? अन् खरं सांगाचं त अजून रुपयात बारा आणेच आहे पहिल्याच्या. एक विचारतो, मांगचे टायर बदलले होते उन्हाळ्यात, २१५/७५ आर १५ च्या जागी ७.०० आर १५ टाकले, माल जास्त सहन करतात म्हणून. त्याचा काही संबंध येते का?

डिप्लोमावाला_अचलपूर

अहो हे सगळ्यात आधी सांगायचं होतं!

येतो संबंध, चांगला येतो. २१५/७५ आर १५ चा हिशेब करा: १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात २१५ च्या ७५ टक्के दोन वेळा, म्हणजे साधारण ३२२. एकूण ७०३ मिलिमीटर उंची. ७.०० आर १५ चा टायर त्याहून चार-पाच सेंटिमीटर उंच येतो. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी सहा-सात टक्के जास्त पुढे जाते आणि चढावर तेवढीच ओढ कमी मिळते, इंजिन कितीही चांगलं असलं तरी. तिसरा गेअर आता पहिल्यापेक्षा थोडा चौथ्यासारखा वागतो. स्पीडोमीटरसुद्धा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत असेल, आणि किलोमीटरही कमी मोजत असेल, म्हणजे ॲव्हरेजचा तुमचा हिशेबही चुकतोय.

शिवाय आरसीत नोंदलेल्या मापाचा टायर नसेल तर पासिंगला अडवतात. आणि टायर जाड घेतला म्हणून एक्सल, पाटे आणि ब्रेक काही जाड होत नाहीत.

गेअर टाकल्यावर क्षणभर काळा धूर चालतो, टर्बोला वेग घ्यायला तेवढा वेळ लागतोच. सतत राहिला तर सांगा.

कास्तकार_दर्यापूर

उरलेल्या चार आण्यातले दोन आणे टायर अन् दोन आणे पासिंगच्या वरचा माल 😀 झाला रुपया पूर्ण.

वणी_कोलसाइड

धागा चांगला आहे म्हणून इथंच विचारतो. माझी पिकअप २०१८ ची, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजेक्शन), सेम प्रॉब्लेम, लोडवर एकदम दम जाते अन् इंजिनची पिवळी लाईट लागते. बंद करून चालू केली का परत ठीक. नोझलचे नट एकेक करून ढिले करून पाहू का, कोणता सिलेंडर मरून रायला ते? जुन्या गाडीत आम्ही तसंच पाहत होतो.

नोझलवाला_अमरावती

नाई!! चालू गाडीत कॉमन रेलचा नट कधीच ढिला करू नका. त्या पाईपात शेकडो बार दाब असते, लोडवर हजाराच्याही वर जाते, थे डिझेल बारीक धार होऊन कातडीच्या आत घुसते, वरून टाचणीएवढं दिसते अन् आतून हात सडते. असं कोनाले झालं त दुखत नसलं तरी तडक मोठ्या दवाखान्यात न्या, घरी मलम लावत बसू नका. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मिस्त्री तसं करतात, तिथंही दाब कमी नसते, हात अन् तोंड दूरच ठेवाचं.

तुमची गाडी लाईट लावून सांगून रायली ना, मंग स्कॅनर लावा. बंद-चालू केल्यावर ठीक होते म्हंजे कॉम्प्युटरनं स्वतःच ताकद कापली होती, इंजिन वाचवाले. कोड मिटवाच्या आधी लिहून घ्या, ग्यारेजवाले आधी मिटवतात अन् मंग विचारतात काय होतं. लोडवरच होते म्हणता, त स्कॅनर लावूनच चढावर चालवाले सांगा अन् रेलमधे दाब किती मागून रायला अन् किती भेटून रायला हे दोन आकडे पाहा. मागितला तेवढा भेटत नसन त पहिले डिझेल फिल्टर अन् टाकी, वर या भाऊचं झालं तेच, मंग नोझलचं रिटर्न, म्हंजे चारही नोझलातून परत येणारं डिझेल, बाटल्या लावून मोजाचं. दाब बराबर असन त बूस्टचा (टर्बोच्या दाबाचा) सेन्सर, इंटरकूलरचे होज अन् ईजीआर (जळालेला धूर परत इंजिनात सोडणारा वाल्व). कोड आला का टाका इथं.